एका गोलाचं अंतर

शाळेत असताना मी नेटबॉल खेळायचे, असं सांगितलं की आजही समोरून येतं, "म्हणजे बास्केटबॉल ना?" नाही हो. बास्केटबॉलमध्ये चेंडूचे टप्पे टाकत पळता येतं, नेटबॉलमध्ये ते चालत नाही. चेंडू हातात आला की तीन सेकंदांत तो द्यायचा. समोरचीला अडवायचं ते ठरावीक अंतर लांब राहून, फक्त हात उंचावून. आणि रिंगच्या मागे बोर्ड नसतो, त्यामुळे नेम चुकला की चुकला. मी उंच म्हणून कराडला बाईंनी पहिल्याच दिवशी माझ्या अंगात 'गोल कीपर'चं बिब, म्हणजे खेळातली जागा लिहिलेलं बिनबाह्यांचं जाकीट, घातलं. खो-खोत माझे लांब पाय आडवे यायचे, इथे त्याच उंचीचं कौतुक झालं. ते बिब मी अजून विसरलेले नाही.

२०१० साली नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही दिल्लीत राहत होतो. राष्ट्रकुल स्पर्धा घरापाशीच आल्या होत्या. ३ ऑक्टोबरच्या उद्घाटन सोहळ्यात मी टीव्हीसमोर अक्षरशः उभी राहिले, कारण ऑस्ट्रेलियाचा झेंडा शॅरेल मॅकमहनच्या हातात होता आणि न्यूझीलंडचा आयरीन व्हॅन डाइकच्या. दोघीही नेटबॉलच्या! एवढ्या मोठ्या पथकांमधून दोन्ही देशांनी पुढे केलं ते नेटबॉलपटूंना. त्या देशांत या खेळाचं स्थान काय आहे, ते मला त्या एका दृश्यात कळलं.

नेटबॉलचा अंतिम सामना, ऑस्ट्रेलिया विरुद्ध न्यूझीलंड, १४ ऑक्टोबरला, त्यागराज स्टेडियममध्ये. त्या दिवशी सगळी दिल्ली हॉकीची फायनल आणि साईना यांच्याबद्दल बोलत होती. हॉकीत आपण ऑस्ट्रेलियाकडून ०-८ हरलो, साईनाने सुवर्ण आणलं. मी मात्र नऊ वर्षांच्या लेकीचा हात धरून नेटबॉलला गेले होते.

साठ मिनिटं संपली, बरोबरी. जादा वेळ संपला, तरी बरोबरीच. मग नियम असा, की जो संघ दोन गोलांनी पुढे जाईल तो जिंकला. म्हणजे एक गोल झाला की वाटायचं संपलं, आणि लगेच दुसरीकडून उत्तर यायचं. लेकीने माझा दंड इतका घट्ट धरला होता की घरी गेल्यावर बोटांचे वळ दिसले. व्हॅन डाइक तेव्हा ३८ वर्षांची. मूळची दक्षिण आफ्रिकेची, १९९५ च्या विश्वचषकाच्या फायनलमध्ये त्याच देशाकडून ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळलेली, आणि आता काळ्या ड्रेसमध्ये न्यूझीलंडची आधार. शेवटी मारिया टुटाईयाने चेंडू वर सोडला आणि तो रिंगमधून खाली आला. ६६-६४. न्यूझीलंड.

माझं लक्ष मात्र मॅकमहनकडे होतं. १९९९ मध्ये क्राइस्टचर्चला, न्यूझीलंडच्याच घरात, हिनेच शेवटच्या क्षणी गोल करून विश्वचषक ४२-४१ असा हिसकावला होता. अकरा वर्षांनी दिल्लीत ती कर्णधार होती आणि घाव तिच्या वाट्याला आला.

हे वैर आजकालचं नाही. पहिला सामना १९३८ चा, मेलबर्नला. न्यूझीलंडमध्ये तेव्हा नऊ-नऊ जणी खेळायच्या, ऑस्ट्रेलियात सात. त्या पहिल्या सामन्यात ऑस्ट्रेलियाने ४०-११ असं धुतलं. १९६३ मध्ये इंग्लंडमधल्या ईस्टबोर्नला पहिली जागतिक स्पर्धा झाली, तोवर हे अंतर एका गोलावर आलं होतं. पुढे १९९१, १९९९, २०११ या तिन्ही फायनल ऑस्ट्रेलियाने एकेका गोलाने जिंकल्या. एका गोलाने हरायचं, घरी जायचं, आणि चार वर्षं पुन्हा तीच तयारी करायची! बायकांच्या चिकाटीबद्दल आपण फार बोलतो, पण ती चिकाटी अशी आकड्यांत मांडलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

म्हणून २०१९ चा लिव्हरपूलचा विश्वचषक मला सगळ्यात जास्त आवडतो. आदल्याच वर्षी राष्ट्रकुलमध्ये न्यूझीलंड मलावीकडून हरलं होतं आणि पदकाविना परतलं होतं. न्यूझीलंडची लॉरा लँगमन तेव्हा आपल्या देशाच्या संघात नव्हती, कारण ती ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये खेळत होती आणि मायदेशाच्या नियमात ते बसत नव्हतं. तिच्या तिथल्या संघाला दोनदा विजेतेपद मिळवून देणारी प्रशिक्षक होती नोलीन टाउरुआ, तीही न्यूझीलंडचीच. पुढे न्यूझीलंडने टाउरुआला मायदेशाचा संघ दिला आणि लँगमन कर्णधार झाली. म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या अंगणात राहून, त्यांच्याच मुलींबरोबर घाम गाळून शिकलेल्या दोघींनी ऑस्ट्रेलियाला गाठलं. हे मला फार सुंदर वाटतं. साखळीत ५०-४९ ने ऑस्ट्रेलिया जिंकलं, फायनल ५२-५१ ने न्यूझीलंडने घेतली. आठवडाभर आधी त्यांचे पुरुष क्रिकेटचा विश्वचषक चौकारांच्या मोजणीत गमावून बसले होते. त्याबद्दल आपल्याकडे पानंच्या पानं छापून आली. नेटबॉलच्या फायनलसाठी मी दुसऱ्या दिवशीचा पेपर तीनदा उलटून पाहिला. मला काहीच सापडलं नाही. आणि या जगज्जेत्या मुलींना बक्षिसाची रक्कमही नव्हती! याचा राग मला अजून येतो.

लेक तेव्हा पुण्यात हॉस्टेलवर होती. सामना संपताच तिचा फोन आला. "आई, परत एका गोलाने!" एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मीही.

२०२३ मध्ये केपटाऊनला न्यूझीलंड फायनलला पोचलंच नाही. ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला ६१-४५ ने हरवून बारावा विश्वचषक नेला. उत्तम खेळल्या, मनापासून टाळ्या वाजवल्या. पण शेवटच्या क्वार्टरला लेकीने मेसेज केला, "पलीकडे त्या हव्या होत्या." पुढची स्पर्धा २०२७ ला सिडनीत आहे. तिकिटासाठी आम्ही दोघी दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकतो आहोत.