उपकरण कोणत्या खोलीत आहे?

पीएच.डी.च्या संशोधन आराखड्याच्या अर्जात अकरा क्रमांकाचा एक रकाना आहे : ‘संशोधनासाठी लागणारे उपकरण, त्याची कंपनी व मॉडेल, आणि ते ज्या प्रयोगशाळेत आहे तिचा खोली क्रमांक.’ हा रकाना भरून तो मान्य होईपर्यंत माझे सात महिने गेले. ज्या निरीक्षणांवर मला काम करायचे होते ती उतरवून घ्यायला मात्र चार रात्री पुरल्या, आणि त्यांतल्याही दोन पावसात वीज गेल्यामुळे वाढल्या. माझ्यामागून कोणी याच वाटेने गेला तर त्याचे महिने थोडे कमी व्हावेत म्हणून हे लिहीत आहे. थोडा राग अजून शिल्लक आहे, तो वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावा.

मी वर्धा नदीच्या पलीकडच्या एका तालुक्याच्या गावी तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवतो. आमच्या भागात या विषयातले संशोधन म्हणजे फेराइट, पातळ थर, नाहीतर द्रवातून जाणाऱ्या ध्वनीचा वेग. त्यात कमीपणा काही नाही; एम.एस्सी.ला मीही भट्टीपुढे बसून फेराइटच भाजले आहे. पीएच.डी.ला मात्र मी सक्रिय दीर्घिकेच्या गाभ्याची मध्य-अवरक्त निरीक्षणे हा विषय घेतला. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह, आणि अवरक्त म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, उबेसारखे जाणवणारे किरण. आवड होतीच, पण या कामाला रसायने लागत नाहीत, भट्टी लागत नाही, आणि ज्याचे मानधन वर्षाअखेरीस एकदम जमा होते त्याला परवडणारा दुसरा विषय मला सापडला नाही, हेही तितकेच खरे आहे.

माझी दीर्घिका एनजीसी ७४६९. कार्ल सेफर्ट यांनी १९४३ मध्ये ज्या सहा दीर्घिकांच्या तेजस्वी गाभ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांतली ही एक. पूर्वाभाद्रपदा नक्षत्रातल्या दक्षिणेकडच्या ताऱ्याच्या थोडी खाली, सुमारे २२ कोटी प्रकाशवर्षांवर ती आहे आणि कोजागिरीच्या सुमारास रात्री दहाला जवळजवळ डोक्यावर येते. अर्थात नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तिच्या मध्यभागी सुमारे एक कोटी सूर्यांच्या वजनाचे कृष्णविवर आहे. त्यात पडू पाहणारे द्रव्य तापते, त्याचा प्रकाश भोवतालची धूळ गिळते, आणि तापलेली धूळ तीच ऊर्जा मध्य-अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकते. अडचण एवढीच की गाभ्यापासून जेमतेम दीड हजार प्रकाशवर्षांवर नव्या ताऱ्यांचे एक कडे आहे आणि तेही धूळ तापवते. एका अंगणात दोन चुली पेटलेल्या असाव्यात तशी ही स्थिती आहे, आणि कोणती ऊब कोणत्या चुलीची हे वेगळे करणे हेच माझे काम.

ही निरीक्षणे जेम्स वेब अवकाश दुर्बिणीवरच्या ‘मिरी’ या मध्य-अवरक्त किरण टिपणाऱ्या उपकरणाने जुलै २०२२ मध्ये घेतली. दुर्बीण नवी असताना सर्वांना तिचा अंदाज यावा यासाठी जे कार्यक्रम आखले होते त्यांतलाच हा एक असल्यामुळे ती पहिल्या दिवसापासून खुली आहेत. बाल्टिमोरच्या संग्रहातून ती कोणीही, अगदी तासिका तत्त्वावरचा प्राध्यापकसुद्धा, न विचारता उतरवून घेऊ शकतो. पुढे सगळे अडले ते या ‘न विचारता’पाशी.

शुल्क, मार्गदर्शकांची सही, सहा प्रती यांत सांगण्यासारखे काही नाही. रकाना अकरामध्ये मी लिहिले : ‘जेम्स वेब अवकाश दुर्बीण, मिरी. खोली क्रमांक : लागू नाही.’ पुढच्यांनी एवढे लक्षात ठेवावे की छाननीच्या टेबलावर ‘लागू नाही’ याचा अर्थ ‘उमेदवाराने भरले नाही’ असाच घेतला जातो. रकान्यात काहीही लिहा, पण पूर्ण वाक्य लिहा.

पाच आठवड्यांनी लाल शेरा घेऊन प्रकरण परत आले : ‘उपकरण उपलब्धता प्रमाणपत्र जोडलेले नाही.’ एस.टी.ने साडेतीन तास प्रवास करून मी कार्यालयात गेलो. तिथले बाबू माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला आणि फाईल उघडली.

“सर, हे दुर्बीण कोठी हाय?”

“पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. “म्हणजे आपल्या कॉलेजात नाही.”

“नाही.”

“मंग जिची दुर्बीण हाय त्या संस्थेचं पत्र आना, का या उमेदवाराले वापराची परवानगी हाय म्हणून. सही-शिक्क्यानिशी.”

मी समजावू लागलो की निरीक्षणे खुली आहेत, त्यांना परवानगी लागतच नाही. ते शांतपणे म्हणाले, “लागत नाही, असं तरी पत्र आना.” आता ज्या गोष्टीला परवानगी लागत नाही तिच्या नसण्याचा दाखला कोण देणार? संग्रहाच्या खुलेपणाचे पान छापून, त्याचा मराठी अनुवाद करून, प्राचार्यांकडून साक्षांकित करून मी जोडले. ते मान्य झाले नाही, कारण शिक्का प्राचार्यांचा होता, दुर्बिणीचा नव्हता.

पोळ्याच्या आठवड्यात दुसरा शेरा आला. हा छाननी समितीचा होता आणि वरवर पाहता शहाणपणाचा होता : ‘विभागाकडे सहा इंची दुर्बीण उपलब्ध असता उमेदवाराने परदेशी उपकरणावर अवलंबून का राहावे, याचा खुलासा करावा.’ खुलासा म्हणून मी दोन पाने लिहिली, आणि या सगळ्या प्रकरणात मला अभिमान वाटावा असे माझ्या हातून काही झाले असेल तर ती दोन पाने. आमच्या सहा इंची दुर्बिणीतून ही दीर्घिका फार तर एक पुसट डाग दिसेल, हा मुद्दा गौण आहे. दुर्बिणीचे काचेचे भिंग १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीचे मध्य-अवरक्त किरण आरपार जाऊच देत नाही, हा त्याहून मोठा मुद्दा. पण खरी अडचण काचेचीही नाही. कोणतीही वस्तू आपल्या तापमानानुसार किरण टाकत असते, आणि २८९८ या आकड्याला केल्विनमधल्या तापमानाने भागले की ती कोणत्या तरंगलांबीला सर्वांत जास्त उजळते ते मायक्रॉनमध्ये मिळते. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४६ अंशांवर जातो, म्हणजे त्यात २७३ मिळवून ३१९ केल्विन; भागाकार सुमारे ९ मायक्रॉन येतो. विभागाची गच्ची, दुर्बिणीची नळी, वरची हवा आणि निरीक्षण करणारा प्राध्यापक असे सगळेच नेमके त्या पट्ट्यात उजळत असतात, ज्या पट्ट्यात मला २२ कोटी प्रकाशवर्षांवरची कोमट धूळ पाहायची आहे. भर दुपारी पेटत्या भट्टीत बसून समोरच्या डोंगरावरची पणती शोधावी तसे ते होईल. म्हणून ‘मिरी’ ७ केल्विनच्याही खाली, उणे २६६ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवलेले आहे, आणि म्हणूनच ते सूर्यापासून आडोसा धरून इतक्या दूर ठेवावे लागले आहे. खुलासा मान्य झाला. समितीतल्या एकांनी भागाकार स्वतः करून पाहिल्याचे नंतर कळले, तेव्हा सगळा राग क्षणभर विसरलो.

तो क्षणभरच टिकला. दिवाळीच्या सुट्टीआधी तिसरा शेरा आला : ‘विषय अणुकेंद्रीय स्वरूपाचा असल्याने किरणोत्सर्ग सुरक्षा हमीपत्र व जबाबदार अधिकाऱ्याची नेमणूक जोडावी.’ मी हे वाक्य तीनदा वाचले. मग माझ्याच शीर्षकाकडे पाहिले. इंग्रजी शीर्षकात ॲक्टिव्ह होते, न्यूक्लियस होते आणि रेडिएशनही होते. हे तिन्ही शब्द एका ओळीत पाहून कोणा सावध माणसाने प्रकरण अणुभौतिकीच्या गठ्ठ्यात घातले, आणि त्या गठ्ठ्याला जे हमीपत्र लागते ते मला मागितले. दीर्घिकेच्या गाभ्यालाही न्यूक्लियस म्हणतात आणि तिथल्या किरणांनी कोणाला इजा होण्याची शक्यता नाही, हे लेखी देण्यासाठी मला शंभर रुपयांचा मुद्रांक घ्यावा लागला. शीर्षकात रेडिएशन हा शब्द घालू नका. ‘वर्णपट’ म्हणा, ‘निरीक्षणे’ म्हणा, काम तेच राहते.

आधीच सांगायचे राहिले : प्रत्येक कागदाच्या झेरॉक्सवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्या. दुसऱ्या खुलाशाची पोच माझ्याकडे होती म्हणूनच तो ‘प्राप्त नाही’ ठरला नाही.

अकरावा रकाना मात्र तसाच अडला होता. तो सोडवला तो आमच्याच महाविद्यालयातल्या इतिहासाच्या मॅडमनी. त्या मोडी कागदपत्रांवर काम करतात. माझे गाऱ्हाणे ऐकून त्या म्हणाल्या, “सर, माझे कागद तरी कुठे आपल्या कॉलेजात आहेत? मी परिशिष्ट भरते.” इतिहासाच्या उमेदवारांसाठी अर्जाच्या शेवटी एक परिशिष्ट आहे, त्यात अभिलेखागाराचे नाव, स्थळ आणि कागद सर्वांना खुले आहेत की नाहीत एवढेच विचारलेले आहे. विज्ञानाच्या उमेदवाराने ते भरू नये असे कुठेही लिहिलेले नाही. मी भरले : मिकुल्स्की अभिलेखागार, बाल्टिमोर, सर्वांस खुले. आणि रकाना अकरामध्ये लिहिले : ‘संगणक, खोली क्रमांक ७, डेडस्टॉक रजिस्टरमधील नोंदीनुसार.’ ते खोटेही नव्हते. माझ्या हाताला जे उपकरण लागते ते तेवढेच. बाबूंनी ओळ वाचली, मान डोलावली आणि म्हणाले, “हे पहिलेच लिवाचं होतं ना, सर.”

आता कामाविषयी. प्रकरण तिकडे फिरत असताना इकडे मी बसून राहिलो नाही, आणि वाट पाहणाऱ्या कोणीही बसू नये. सुरुवात कच्च्या नोंदींपासून करू नका. संग्रहात तयार घन मिळतात, म्हणजे आकाशाच्या त्या लहान तुकड्यातल्या प्रत्येक बिंदूचा वर्णपट, कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश आहे त्याची नोंद. हात बसेपर्यंत तेच वापरा. ‘मिरी’चा हा वर्णपटमापक ४.९ ते २७.९ मायक्रॉनपर्यंतचा पट्टा बारा तुकड्यांत घेतो, आणि तुकड्यांच्या सांध्यांवर पातळी थोडी वर-खाली दिसली तर शोध लागला असे समजू नये. बारीक लाटा दिसल्या तर त्या दीर्घिकेच्या नसून किरण टिपणाऱ्या शोधकाच्या थरांत ते मागे-पुढे परावर्तित झाल्याने उमटतात. उरलेल्या लाटा काढण्याची पायरी मला स्वतःहून चालू करावी लागली. आणि संदर्भ फायली कुठे साठवायच्या तो मार्ग आधी बाहेरच्या डिस्कवर वळवा, नाहीतर खोली क्रमांक ७ मधला संगणक मध्यरात्री जागा संपली म्हणून थांबतो, जसा माझा थांबला.

गाभा ओळखण्यासाठी मी वर्णपटात निऑन वायूची रेषा, म्हणजे त्याच्या ठरावीक तरंगलांबीला उमटणारा उंचवटा, शोधत होतो. ज्या निऑन अणूचे चार इलेक्ट्रॉन गेले आहेत त्याची रेषा १४.३२ मायक्रॉनला असते. चौथा इलेक्ट्रॉन काढायला ९७ इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी ऊर्जा लागते आणि सामान्य तरुण ताऱ्यांच्या प्रकाशात तेवढा जोर नसतो, म्हणून ही रेषा म्हणजे कृष्णविवराच्या चुलीची खूण. १४.३२ ला काहीच नव्हते. रात्रीचे दोन वाजले होते, इन्व्हर्टर कुरकुरत होता, आणि मी संपूर्ण आराखडाच फसला असे समजून बसलो होतो; मग लक्षात आले की दीर्घिका आपल्यापासून दूर जाते आहे, तेव्हा रेषा १.०१६३ पट सरकलेली असणार. १४.५५ वर ती उभी होती, बारीक आणि उंच.

नंतर कड्यावरही तीच रेषा दिसल्याने मी हुरळलो, पण तो भ्रम होता. तरंगलांबी वाढते तसा दुर्बिणीतला बिंदू पसरतो, आणि गाभ्याचा प्रकाश फुलाच्या पाकळ्यांसारखा कड्यावर सांडतो. तो वजा केल्यावर कड्यावर उरली ती मुख्यतः ११.३ मायक्रॉनची कार्बनी रेणूंची रुंद पट्टी आणि एकच इलेक्ट्रॉन गेलेल्या निऑनची रेषा, म्हणजे ताऱ्यांची चूल.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मंजुरीचे पत्र आले. त्यात माझ्या विषयाचे शीर्षक ‘ॲक्टिव्ह गॅलॅक्टिक न्यूक्लिअर’ असे छापले आहे. शुद्धिपत्रासाठी अर्ज दिला आहे. आवक क्रमांक वहीत लिहून ठेवला आहे.