तुम्ही विचारलंत म्हणून: अण्णा गेले तेव्हा

“नॉर्वेत जाऊन शेणच काढायचं होतं, तर कराड काय वाईट होतं?” हा प्रश्न हसण्यावारी नेता येतो. त्याच्या पोटातला दुसरा नेता येत नाही: वडील गेले तेव्हा गाई सोडून का आली नाहीस?

आधी गाईंचं. गुडब्रान्सदालच्या आमच्या गोठ्यात २४ आहेत. दूध मशीन काढतं, मान्य. पण सड पुसणं, पहिली धार बघून दगडी, म्हणजे कासेचा आजार, ओळखणं, मुरघास, म्हणजे मुरवलेला हिरवा चारा, टाकणं मशीन करत नाही. इथंही धारा काढणं पूर्वी बाईचंच काम. उन्हाळाभर बायका गाई घेऊन डोंगरावर राहायच्या. तरी घराण्याच्या जमिनीवर थोरल्या मुलीचा हक्क मुलाइतकाच, हे कायद्यात यायला १९७४ उजाडलं. सासूबाई माहेरी थोरल्या. जमीन धाकट्या भावाला गेली. सांगताना त्या आवाजही चढवत नाहीत.

तर, जानेवारी. बाहेर उणे २६. नवरा पाय मोडून अंथरुणात. पहाटे भावाचा फोन आला तेव्हा माझा हात कोपरापर्यंत गाईच्या आत होता. गाय अडली होती, वासराचा एकच पाय पुढे. फोन स्पीकरवर टाकून गव्हाणीवर ठेवलेला. “अण्णा गेले.” ऐकलं, आणि दुमडलेला दुसरा पाय चाचपत राहिले. सापडला. दोरी बांधली. कळ आली की ओढायचं, कळ ओसरली की थांबायचं. “ताई, ऐकतेस ना?” वासरू पडलं. नाकातोंडातला चिकटा काढला, नाकपुडीत काडी घातली, तेव्हा शिंकलं. मग मी म्हणाले, “हं, बोल.”

ते “हं, बोल” भावानं सगळ्या भावकीला सांगितलंय.

बदली माणूस मिळाला नाही, असं मी आजवर सांगत आले. खोटं नाही, आमचा नेहमीचा तापानं पडला होता. पण पलीकडच्या वाडीवरची बाई आली असती. तिला मी फोनच केला नाही. अग्नी द्यायच्या आत पोचले नसते, कबूल. दहाव्याला पोचले असते की.

अण्णांच्या म्हशी कॉलेजपर्यंत मीच पिळल्या. लग्न ठरल्यावर त्यांनी हक्कसोडपत्र पुढं केलं, मी हसत सही केली. त्याचा राग होता का? छे, असंच म्हणायचे. आता वाटतं, थोडा असेल. उद्या पुन्हा छे म्हणेन.

वासरू कालवड निघाली. आता पाच वेतांची झालीय. सडाला हात लावला की लाथ झाडते.