पुढची सुरी कोणती?

मंगळवार, रात्र

आज सगळ्या सुऱ्या पलंगावर ओळीने मांडल्या. नावं निराळी, चण एकच! चार-साडेचार इंची पातं, काळी मूठ, आणि एक मोरा कंपनीची सोडली तर सगळ्या फुल टँग, म्हणजे पात्याचं पोलाद मुठीत पूर्ण लांबी-रुंदीने गेलेलं. पुढची घ्यायची तर यांच्यातलीच आणखी एक बहीण नको, एवढं आज नक्की केलं.

बायको दारातूनच म्हणाली, "यातल्या एकीने तरी कधी गाजर चिरलंय का रे?"

चिरलंय. मोराच्या सुरीने. स्वीडनची ही कम्पॅनियन सगळ्यांत स्वस्त, पातं 104 मिलिमीटरचं आणि जाडी अवघी अडीच. बाकीच्या जाडजूड सुऱ्या गाजर चिरत नाहीत, फोडतात. यूट्यूबवरची मंडळी सुरी जोखतात ती ओंडके फोडून आणि पात्याच्या पाठीने ठिणग्या पाडून. आपण राहतो ठाण्याच्या वर्तकनगरात. समोर येऊरचं जंगल आहे खरं, पण ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली आयुक्तांचे मनाई आदेश निघतात, त्यात सार्वजनिक ठिकाणी सुरी बाळगायलाच बंदी. म्हणजे माझी सुरी जन्मभर घरातच राहणार. मग तिची परीक्षाही घरातलीच हवी: कांदा, कैरी, फार तर पार्सलची दोरी.

का-बारवर मात्र अजून जीव आहे. अमेरिकन मरीन्सनी 1942 मध्ये घेतलेली, सात इंची पात्याची, चामड्याच्या चकत्या एकावर एक दाबून केलेली मूठ. काय देखणी दिसते! पण आमच्याकडे जुलैत कपाटातल्या पट्ट्यावरसुद्धा बुरशी धरते. ती मूठ पुसत बसायची कोणी? बाद. खुकरीही बाद. भरदार खुकरी 2 इंच रुंदीच्या वर सहज जाते, आणि 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पातं, घरकाम-शेतीची अवजारं सोडून, शस्त्र नियमांच्या कक्षेत येतं. हौसेपायी कायद्याशी वाद कोण घालणार?

उरला फिनलंडचा पुक्को. बोटांपुढे आडवी पट्टी नाही, पातं पातळ, शेपूट निमुळतं आणि मुठीत आरपार गेलेलं. माझ्याकडच्या सगळ्यांपेक्षा हा वेगळा. आणि याची नुसती पातीही विकत मिळतात, मूठ ज्याची त्याने बसवायची. मला खरा मोह त्याचाच.

स्टेनलेस की कार्बन, यावर तासभर घालवला. ठाण्याची हवा म्हणते स्टेनलेस घे. क्रोमियम 13 टक्क्यांच्या आसपास असलं की खाडीचा दमटपणा फारसा बाधत नाही. 1095 सारख्या साध्या कार्बन पोलादात कार्बन असतो 0.95 टक्के, क्रोमियम जवळपास नाहीच. ओलं ठेवलं की सकाळी तांबूस ठिपके. पण कांदा-कैरीच्या रसाने त्यावर जी करडी-निळसर छटा चढते, ती मला चकचकीत पॉलिशपेक्षा केव्हाही प्यारी. तेव्हा कार्बनच. चिरून झालं की लगेच धुऊन, पुसून, शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवायचा. खोबरेल नको, ते कालांतराने खवटतं. आणि पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात तर अजिबात ठेवायची नाही. चामडं ओल धरून ठेवतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. जुन्या मलमलीत गुंडाळून कोरड्या डब्यात.

खंडेनवमीला पूजेत मांडायची इच्छा आहे, तेव्हा पातं लवकर मागवायला हवं. मुठीला बर्च म्हणतात सगळे, पण मला शिसव हवं. सुताराला सांगायचं, भोक आधी बारीक पाड, मग शेपटाच्या मापाने कानशीने चौकोनी कर. मोठं झालं तर पातं मुठीत डुलेल. वीतभर तुकडा पुरे. मोठा घेतला तर उरलेल्याचं लाटणं करून घे, असं स्वयंपाकघरातून फर्मान सुटणार.