शेतीपंप, वीज आणि न मोजलेले युनिट

पर्यावरण आणि ऊर्जा अर्थशास्त्रात संशोधन करतात म्हणजे नेमके काय करतात, असे एम.ए.चे विद्यार्थी दरवर्षी विचारतात, आणि उत्तरात कार्बन कर, पॅरिस करार किंवा विल्यम नॉर्डहाउस यांना २०१८ साली मिळालेले नोबेल यांचा उल्लेख येईल अशी त्यांची अपेक्षा असते. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे मात्र शेतीपंपांच्या हिशेबात गेली आहेत.

या विषयाचा पाया ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० साली घातला. ज्या व्यवहाराचा भुर्दंड तिसऱ्यालाच सोसावा लागतो, त्या व्यवहाराच्या किमतीत तो भुर्दंड कराच्या रूपाने मिळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. ते शेतीच्या विजेला लावले, तर स्वस्त विजेमुळे विहिरी आणि बोअर आटतात, सबब दर वाढवावा, इतके सरळ उत्तर मिळते. परंतु ज्या पंपाला मीटरच नाही आणि ज्याचे बिल अश्वशक्तीवर ठरते, त्याच्या मालकाला पुढचे युनिट फुकटच पडते. दर दुप्पट केला तरी मोटार आणखी दोन तास चालवावी की नाही, या त्याच्या निर्णयात तसूभरही फरक पडत नाही. तो निर्णय पुरवठ्याच्या वेळापत्रकाने, म्हणजे आठवड्याच्या पाळीने मिळणाऱ्या दिवसाच्या आठ किंवा रात्रीच्या दहा तासांनी, आधीच घेतलेला असतो. किमतीवर नियंत्रण ठेवावे की परिमाणावर, म्हणजे किती वापरायचे यावर, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञ मार्टिन वाइट्झमन यांनी १९७४ साली मांडला होता; आपल्याकडे भारनियमनाने तो कोणतेही समीकरण न मांडता निकालात काढला. प्रश्नावलीतला दरवाढीचा प्रश्न वाचून दाखवल्यावर एक शेतकरी म्हणाले, "मॅडम, लाइट कधी येणार ते आधी सांगा, दराचं मग बघू." त्यांच्या मोटारीला ऑटो स्विच होता. रात्री वीज आली की मोटार आपोआप सुरू होई आणि वाफा भरून पाणी बांधाबाहेर गेले तरी वीज जाईपर्यंत चालतच राही.

या क्षेत्रातले सर्वांत कठीण काम, माझ्या मते, किंमत ठरवण्याचे नाही. वापर किती झाला हे शोधण्याचे आहे. पाच अश्वशक्तीची मोटार म्हणजे कागदोपत्री ३.७३ किलोवॅट, आणि आठ तासांचे साधारण तीस युनिट. प्रत्यक्षात मोटार जळून पुन्हा भरून आणलेली असते, तिच्यावरच्या पाटीला फारसा अर्थ उरलेला नसतो, डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, मंजुरीपेक्षा अधिक भार असतो आणि तारांवर चोरून काही आकडेही टाकलेले असतात. ज्या विजेचे मोजून बिल झालेले नाही, तिची वाटणी शेतीचा वापर आणि वितरणातली गळती या दोन खात्यांत अंदाजाने करावी लागते, आणि शेतीचा अंदाज वाढवला की गळती कागदावर आपोआप घटते. पुण्याच्या 'प्रयास' या ऊर्जाधोरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने हा मुद्दा वीज नियामक आयोगासमोर वर्षानुवर्षे लावून धरला. शेतकऱ्याच्या नावावर दाखवल्या जाणाऱ्या अनुदानाचा आकडाही याच अंदाजावर उभा असतो, त्यामुळे त्यावरून होणारे वाद मला नेहमीच थोडे हवेतले वाटतात.

अशा कामाला विद्यापीठीय व्यवस्थेत मान कमी. फीडरवरची, म्हणजे गावांना वीज नेणाऱ्या वाहिनीवरची, नोंदवही महिनोन्‌महिने उतरवून काढणारा लेख परदेशी नियतकालिकांना 'स्थानिक' वाटतो, आणि मराठीत लिहिलेल्या अहवालाला पदोन्नतीच्या गुणांत जवळपास स्थान नसते. तरीही ही परंपरा आपलीच आहे. धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची पाहणी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे १९४८ साली प्रसिद्ध केली, ती गावोगाव जाऊन गोळा केलेल्या माहितीवरच आधारलेली होती.

आता प्रश्नाचे स्वरूप पालटते आहे. २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांची वीज मोफत झाली, आणि सौर प्रकल्पांची वीज शेतीला पुरवणाऱ्या सौर कृषी वाहिन्यांमुळे ती दिवसा देणे शक्य होत आहे. रात्री वाया जाणारे पाणी त्यामुळे वाचेल, की खात्रीच्या विजेवर उसाचे क्षेत्र वाढेल, हे अद्याप कोणी नीट मोजलेले नाही. माझी एक विद्यार्थिनी सध्या सौर वाहिनीवरच्या आणि तिच्या शेजारच्या जुन्या वाहिनीवरच्या विहिरींची पाणीपातळी पावसाळ्याआधी आणि नंतर नोंदवते आहे. उसाचे पीक दीड वर्षापर्यंत शेतात उभे असल्याने, तिला किमान दोन हंगाम थांबावे लागेल.