गोयाने दोनदा रंगवलेली जत्रा

माद्रिदच्या प्राडो संग्रहालयात फोटो काढायला मनाई आहे, आणि त्याचा मला फार आनंद झाला. वेलास्केसच्या १६५६ सालच्या ‘लास मेनिनास’समोर तुडुंब गर्दी होती, पण एकही मोबाइल वर नव्हता. सगळे नुसते पाहत उभे होते. त्या चित्रावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला सांगायचंय ते गोया या स्पॅनिश चित्रकाराबद्दल.

गोयाची चित्रं इथे तीन मजल्यांवर विभागलेली आहेत. मी सर्वांत वरून सुरुवात केली. राजवाड्याच्या भिंतींसाठी जे चित्रपडदे विणले जात, त्यांचे नमुने गोया तरुणपणी रंगवून देत असे. छत्रीखाली बसलेली तरुणी, आंधळी कोशिंबीर खेळणारी मंडळी, सगळीकडे स्वच्छ ऊन. त्यांतच ‘सान इसिद्रोचं कुरण’ हे १७८८ सालचं छोटं चित्र आहे, जेमतेम ९० सेंटिमीटर रुंद. सान इसिद्रो हा शेतावर राबणारा संत, माद्रिदचा रक्षणकर्ता. १५ मे हा त्याचा दिवस. मान्सानारेस नदीकाठी जत्रा भरली आहे, पांढऱ्या छत्र्या उघडल्या आहेत, पलीकडे शहराचे घुमट गुलाबी उजेडात दिसतात. माणसं मुंगीएवढी, तरी प्रत्येक जण मजेत आहे हे कळतं.

मग तळमजला. मधल्या काळात १७९२-९३च्या आजारपणात गोयाची श्रवणशक्ती गेली. नेपोलियनच्या फौजा आल्या, माद्रिदमध्ये कत्तल झाली. ‘३ मे १८०८’ या चित्रात पांढऱ्या सदऱ्यातला माणूस हात पसरून गोळीची वाट पाहतो. मारणाऱ्या सैनिकांचे चेहरे मात्र गोयाने दाखवलेलेच नाहीत.

१८१९ मध्ये त्याने नदीपलीकडे एक घर घेतलं आणि त्याच्या भिंतींवर तैलरंगांत चित्रं काढली. कुणी मागितली नव्हती, कुणाला दाखवायची नव्हती. पुढे १८७४ पासून ती गिलाव्यावरून काढून कॅनव्हासवर चढवली गेली. अशी १४ ‘काळी चित्रं’ इथे आहेत. पोटच्या पोराला खाणाऱ्या सॅटर्नपाशी सर्वाधिक गर्दी असते. मला मात्र चार मीटरहून लांब असलेल्या ‘सान इसिद्रोची यात्रा’ने जास्त हादरवलं. संत तोच, नदीकाठही तोच. पण ऊन गेलंय, छत्र्या गेल्यात. अंधारातून माणसांचा लोंढा येतोय, पुढे एक गिटारवाला, तोंडं वासलेली, डोळे पांढरे. गातायत की ओरडतायत, समजत नाही. सॅटर्न हा रोमन पुराणकथेतला देव आहे. ही तर वरच्या मजल्यावर ऊन खात बसलेली माणसं. तीसेक वर्षांत गोयाला ती अशी दिसू लागली. माझे पाय तिथून हलेनात. पुन्हा वर जाऊन ते छोटं चित्र पाहिलं, परत खाली आलो.

सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८ प्रवेश फुकट असतो, पण रांग मोठी असते आणि एवढ्या वेळात गोयासुद्धा पुरा होत नाही. तिकीट काढून सकाळीच जा. खालची काळी चित्रं आधी पाहायचा मोह होईल, तो आवरा. आधी वरची जत्रा बघा.