शुगर, धडधड आणि श्वास – माझा अनुभव

मला शुगर निघून सहा वर्षं झाली. गोळ्या, पथ्य, चालणं सगळं चालू होतं पण शुगर मोजायच्या मशीनची धास्ती काही जाईना. सकाळी बोट टोचायच्या आधीच छातीत धडधड, आणि १८० दिसलं की दिवस गेलाच, मुलांवर चिडचिड, रात्री झोप नाही, दुसऱ्या दिवशी आकडा अजून वर. घरचे म्हणायचे, चोरून गोड खाल्लं असशील. डॉक्टरांनी सांगितलं की टेन्शनमध्ये कॉर्टिसोल, ॲड्रेनालिन ही हार्मोन्स वाढतात आणि लिव्हर रक्तात साखर सोडतं, काही न खाताही. ते ऐकून मला तिथेच रडू आलं, इतकी वर्षं मी स्वतःलाच दोष देत होते ना.

मग योगाच्या ताईंनी श्वास शिकवला. चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर, म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास, दहा मिनिटं, शेवटी पाच वेळा भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखा गुणगुणत श्वास सोडणं. मला बीपी आहे आणि डोळ्याच्या पडद्यावरही थोडा परिणाम दिसलाय, म्हणून कपालभाती आणि श्वास कोंडून धरणं नको म्हणाल्या. पहिले पंधरा दिवस काहीच जमलं नाही, तीन मोजेपर्यंत कुकरची शिट्टी व्हायची आणि मन उठून स्वयंपाकघरात.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी नीट वाचा. एकदा दुपारी जेवायला उशीर झाला, घाम सुटला, हात थरथरायला लागले, मला वाटलं टेन्शनच आहे, म्हणून डोळे मिटून भ्रामरी करत बसले. तेवढ्यात जाऊबाई आल्या, म्हणाल्या, "अगं चेहरा बघ कसा पांढराफटक पडलाय, आधी मशीन आण!" शुगर ५८. त्यांनीच तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, १५ मिनिटांनी परत चेक केलं तेव्हा ९२. माझी एक गोळी अशी आहे की जेवण लांबलं की शुगर पडते, आणि ती पडल्याची लक्षणं हुबेहूब घाबरल्यासारखी. तेव्हापासून थरथर झाली की आधी मशीन, ७० च्या खाली असेल तर साखर, श्वास नंतर.

तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट (HbA1c) ८.४ टक्के होती ती ७.६ आली, पण मध्ये गोळीचा डोसही वाढवला होता, त्यामुळे सगळं श्रेय श्वासाला देत नाही. आज सकाळी १६४ आली. वहीत लिहिली, हात धुतले आणि कणीक मळायला घेतली.