तुम्ही विचारलंत म्हणून: झिरकॉन म्हणजे खोटा हिराच ना?

रत्नांचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. "झिरकॉन म्हणजे ते अमेरिकन डायमंडच ना?" आणि लगेच दुसरा: "मग त्याला एवढं जपायचं कशाला?"

नाही, झिरकॉन म्हणजे अमेरिकन डायमंड नव्हे. ज्याला आपण अमेरिकन डायमंड म्हणतो तो क्युबिक झिरकोनिया. म्हणजे झिरकोनियमचा ऑक्साइड, भट्टीत वितळवून घडवलेला, 1976 पासून बाजारात आलेला. झिरकॉन हे झिरकोनियमचं सिलिकेट. ते जमिनीत आपोआप तयार होतं आणि श्रीलंकेच्या नदीकाठच्या रेतीतून शेकडो वर्षं वेचलं जातंय. दोघांत झिरकोनियम सामाईक आहे, म्हणून नावं सारखी. खरं तर नावाचा मूळ मालक झिरकॉनच. 1789 साली क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने सिलोनच्या झिरकॉनमध्ये नवं मूलद्रव्य ओळखलं आणि त्या खड्यावरूनच त्याला झिरकोनियम म्हटलं गेलं. पुढे 1937 साली क्युबिक झिरकोनियाचे नैसर्गिक पण सूक्ष्म कण पहिल्यांदा सापडले, तेही एका झिरकॉनच्याच पोटात. नकलेचा नमुना असा अस्सलात निघाला, आणि पुढे नकलेने अस्सलाचं नावच खाल्लं.

झिरकॉन हा शब्द फारसी 'जरगून'वरून आला असं मानतात. जर म्हणजे सोनं, गून म्हणजे रंग. आपल्या जरीतला आणि जरतारीतला 'जर' तोच. सोनेरी-पिवळ्या झिरकॉनकडे पाहिलं की नाव पटतं. मराठीत आणखी एक घोळ आहे. गोमेद हा शब्द कुणी झिरकॉनला लावतं, कुणी हेसोनाइट गार्नेट या वेगळ्याच खड्याला. हेसोनाइटमधून पाहिलं तर आत तापलेल्या डांबरी रस्त्यावरच्या हवेसारखी थरथर दिसते आणि पैलू दुहेरी दिसत नाहीत. झिरकॉनचं नेमकं उलट.

हे दुहेरी दिसणं समजून घ्या, कारण ओळख, सौंदर्य आणि कापकाम तिन्ही त्यावर उभं आहे. झिरकॉनमध्ये शिरलेला प्रकाशकिरण दोन वाटांनी जातो. चांगल्या खड्याचे अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो त्याची मापं, साधारण 1.925 आणि 1.984. दोहोंतला फरक 0.059, आणि रत्नांमध्ये हा फार मोठा आकडा. दहापट भिंगातून वरच्या बाजूने आत पाहिलं की तळाच्या पैलूंची प्रत्येक कड दोन समांतर रेघांसारखी दिसते, रेल्वेच्या रुळांसारखी. नवशिके इथेच फसतात. ते खडा सरळ वरून पाहतात, रेघ एकच दिसते आणि निकाल देऊन टाकतात. कसबी कारागीर खडा मुद्दाम अशा दिशेने कापतो की वरचा सपाट पैलू प्रकाशीय अक्षाला काटकोनात यावा. त्या एका दिशेने पाहताना दुहेरीपणा नाहीसा होतो आणि खडा धूसर वाटत नाही. म्हणून खडा चिमट्यात धरून तिरका करा आणि बाजूच्या तिरप्या पैलूतून तळाकडे बघा. रूळ दिसले की हिरा आणि क्युबिक झिरकोनिया दोन्ही बाद, कारण त्या दोघांत प्रकाशाच्या अशा दोन वाटा होत नाहीत. उरतो मॉइसनाइट, हिऱ्यासारखा दिसणारा आणखी एक खडा. त्यातही कडा दुहेरी दिसतात, पण तो वजनाला बराच हलका असतो.

वजनाची परीक्षा खडा दागिन्यात जडवलेला नसेल तरच करता येते, पण ती फारशी फसत नाही. कॅरटमध्ये दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवणारा काटा घ्या. आधी खडा हवेत तोला, मग बारीक तारेच्या झोळीत ठेवून पाण्यात बुडवून तोला. झोळीचं वजन आधी शून्य करून घ्यायला विसरू नका. हवेतलं वजन 2.35 आणि पाण्यातलं 1.85 आलं, तर फरक 0.50. मग 2.35 भागिले 0.50 म्हणजे 4.70, ही खड्याची घनता, आणि तो झिरकॉन. तेवढ्याच वजनाचा क्युबिक झिरकोनिया पाण्यात साधारण 1.95 भरेल, कारण त्याची घनता 5.6 ते 6 च्या दरम्यान असते. हिरा 3.52 वर येतो, मॉइसनाइट 3.2 च्या आसपास. चूक होते ती बुडबुड्यांनी. खड्याला चिकटलेला एक बुडबुडा पाण्यातलं वजन कमी दाखवतो आणि घनता खाली ओढतो. पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाका आणि खड्यावरून बारीक कुंचला फिरवा. अर्ध्या कॅरटच्या आतल्या खड्यावर हा प्रयोग करून विश्वास ठेवू नका, तिथे काट्याची बारीकशी चूकही उत्तर बिघडवते.

आता घनतेतलीच एक गंमत. सगळे झिरकॉन 4.7 देत नाहीत. काही हिरवे खडे 4 च्या आसपास उतरतात आणि त्यांत रूळही जेमतेम दिसतात. ती नक्कल नसते, ते वय असतं. झिरकॉनचा स्फटिक घडताना थोडं युरेनियम आणि थोरियम आत घेतो. त्यांच्या किरणोत्सर्गात अल्फा कण सुटतो तेव्हा मूळ अणुकेंद्र बंदुकीसारखा मागे धक्का खातं आणि शेजारचे शेकडो अणू जागचे हलवतं. कोट्यवधी वर्षं हे चाललं की स्फटिकाची चौकट आतून ढासळते आणि खडा काचेसारखा होतो. कठीणपणा (मोह्सच्या 1 ते 10 मापावर) 7.5 वरून 6 ते 6.5 वर येतो, चमक मंदावते. व्यवहारात याला 'लो' झिरकॉन म्हणतात, शाबूत चौकटीच्या खड्याला 'हाय'. अंगावर घालायच्या खड्यातला किरणोत्सर्ग इतका किरकोळ असतो की त्याची धास्ती घ्यायचं कारण नाही.

हाच युरेनियम भूशास्त्रज्ञांचं घड्याळ आहे. घडताना झिरकॉन युरेनियम आत घेतो, शिसं मात्र जवळजवळ घेतच नाही. त्यामुळे आत सापडणारं शिसं बहुतांशी युरेनियमपासून नंतर झालेलं, आणि दोघांच्या प्रमाणावरून वय काढता येतं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समधले काही कण जवळपास 440 कोटी वर्षांचे आहेत. पृथ्वीचा याहून जुना तुकडा अजून हाती लागलेला नाही. माझ्या लेखी झिरकॉनचा खरा रुबाब हा आहे, हिऱ्याशी असलेलं साम्य नव्हे.

साम्य आहे हे मात्र खरं. पांढऱ्या प्रकाशाचे रंग फाकवण्याची ताकद हिऱ्यात 0.044, झिरकॉनमध्ये 0.039. म्हणून श्रीलंकेतल्या मातारा भागातले रंगहीन खडे एके काळी 'मातारा डायमंड' म्हणून, हलक्या प्रतीचे हिरे समजून खपत. युरोपात तांबूस-नारिंगी खड्यांना 'हायसिंथ' म्हणत, आणि फिकट किंवा रंगहीन खड्यांना 'जार्गन'. विसाव्या शतकात कृत्रिम पर्याय येईपर्यंत हिऱ्याच्या इतकं जवळ जाणारं दुसरं फारसं काही नव्हतं.

1920 च्या दशकात निळ्या झिरकॉनची लाट आली. हा निळा जवळपास नेहमी भट्टीतून येतो. कच्चा खडा तपकिरी असतो आणि उत्तम माल कंबोडियाच्या रतनकिरी प्रांतातला. (नाव ओळखीचं वाटलं ना? रत्न आणि गिरी, तेच दोन संस्कृत शब्द.) खडे मुशीत कोळशासोबत, म्हणजे ऑक्सिजन कमी पडेल अशा बेताने, 900 ते 1000 अंश सेल्सिअसला तापवतात. सगळे निळे होत नाहीत. काही मळकट राहतात. ते पुन्हा, या वेळी हवा लागू देऊन, तापवले तर रंगहीन किंवा सोनेरी होतात. प्रत्येक खाणीचा तपकिरी खडा निळा होत नाही. निळ्या खड्यात दोन वाटांचे किरण दोन रंगांचे असतात, एक गडद निळा आणि दुसरा जवळजवळ रंगहीन. अक्षाच्या दिशेने पाहताना गडद निळाच दिसतो, म्हणून खडा त्याच दिशेने कापतात. इथे वजन वाचवायला कुणी दिशा बदलली की खडा पाणचट दिसतो.

भट्टीचा हा रंग टिकतो, पण अतिनील प्रकाशापुढे काही खडे माघार घेतात. टॅनिंगचा दिवा, जेल नेलपॉलिश सुकवायचा यूव्ही दिवा, दिवसेंदिवस कडक ऊन, यांनी निळ्यात तपकिरी झाक शिरते. घाबरून भट्टीकडे धावू नका. खडा साध्या, अतिनील किरण नसलेल्या प्रखर दिव्याखाली ठेवा, बरेच खडे रंगावर परत येतात. नखं करायला जाताना अंगठी काढून ठेवणं त्याहून सोपं.

जपायचं कशाला, याचं उत्तर इथे येतं. कठीणपणा 7.5 म्हणजे हवेतल्या धुळीतल्या क्वार्ट्झपेक्षा (7) थोडा वर, त्यामुळे चांगल्या खड्याचा सपाट पैलू सहसा ओरखडत नाही. त्याची दुखरी जागा म्हणजे पैलूंच्या कडा. झिरकॉन ठिसूळ आहे. तापवलेला तर जास्तच. एका पुडीत चार खडे ठेवून पुडी खिशातून फिरवली, तर एकमेकांवर घासून कडांचे टवके उडतात. या दोषाला व्यापारात 'पेपर वेअर' असं वेगळं नावच पडलंय. भिंगातून अशी कड पाहिली की ती रेघेसारखी सरळ न दिसता कुरतडलेली, पांढुरकी दिसते. जुना झिरकॉन घेताना मी रंगाआधी हेच पाहीन. त्यामुळे पुडीत एकच खडा, आणि डबीत प्रत्येक दागिन्याला वेगळा कप्पा.

कर्णफुलं आणि पेंडंट यांत झिरकॉन वर्षानुवर्षं निर्धास्त राहतो. अंगठीत घालायचाच असेल तर सभोवती धातूची कड असलेलं बंद कोंदण घ्या आणि खडा कोंदणाच्या फार वर येऊ देऊ नका. नुसत्या चार पंजांत धरलेला खडा रोजच्या वापरात दाराच्या कडीला, नळाला, टेबलाला आपटतोच.

धुवायला एका वाडग्यात कोमट पाणी, त्यात भांड्याच्या सौम्य साबणाचे दोन थेंब. दहा मिनिटं भिजू द्या, मऊ ब्रशने खड्याची मागची बाजू घासा. चमक जाते ती मागे साठणाऱ्या त्वचेच्या तेलाने, कारण तळाच्या पैलूंवरून परत फिरायचा प्रकाश तिथून गळून जातो. समोरून कितीही पुसा, फरक पडत नाही. खळबळणंही वाडग्यातच, उघड्या बेसिनमध्ये नको. अल्ट्रासॉनिक यंत्र आणि वाफ दोन्ही टाळा. कंपनाने कडा आणि आतल्या सूक्ष्म चिरा वाढू शकतात.

अंगठीचं माप बदलायचं किंवा पंजा डागायचा असेल तर खडा आधी काढायला सांगा. ज्या उष्णतेने रंग आणला तीच तो बिघडवूही शकते, शिवाय ज्योतीच्या झटक्याने तडा जातो तो वेगळाच. कडा झिजल्या असतील तर त्याच वेळी पॉलिश करून घेता येतं. मात्र पॉलिशनंतर माप किंचित घटतं आणि तोच खडा जुन्या कोंदणात सैल बसतो. म्हणून आधी पॉलिश, मग कोंदणाचं काम, हा क्रम सोनाराला स्पष्ट सांगा.